बोळातल्या खुंट्या

आमच्या ह्यांना खाकरता येत नसे. ऐकायला ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण धाराशिवच्या त्या घरात आमचा संसार काही महिने ह्याच एका गोष्टीवर अडला होता.

मी सोलापूरकडची. लग्न झालं आणि वर्षाच्या आत ह्यांची बदली धाराशिवच्या शाळेत झाली. कागदावर उस्मानाबाद, लोकांच्या तोंडी धाराशिव. जिल्हा नुकताच मुंबई राज्यात आला होता आणि इतकी वर्षं उर्दूत चाललेल्या कचेऱ्यांमधून मराठीचं राज्य सुरू झालं होतं. त्यामुळेच आम्हाला जागा मिळाली, हे मला नंतर कळलं. घरमालक कोर्टात कारकून होते. उर्दूत त्यांचं अक्षर इतकं देखणं की कागद वाचण्याऐवजी बघत बसावं. पण आता सगळा पत्रव्यवहार मराठीत करायचा होता आणि 'उपरोक्त' हा शब्द आला की त्यांना घाम फुटायचा. तेव्हा त्यांनी ठरवलं होतं की भाडेकरू ठेवायचा तर मास्तरच ठेवायचा. मी त्यांना चाचा म्हणायची, त्यांच्या बायकोला चाची. त्यांची एकुलती एक मुलगी पंधरा-सोळा वर्षांची होती. तिला घरात सगळे छोटी म्हणत, मीही तेच म्हणू लागले.

घर साधंच होतं. रस्त्यावरच्या दारातून आत शिरलं की एक आखूड बोळ. बोळाच्या डाव्या हाताला आमच्या दोन खोल्या. बोळ संपला की अंगण, अंगणात आड, आडाशेजारी न्हाणी, कोपऱ्यात संडास, आणि अंगणापलीकडे चाचांचं घर. म्हणजे पाणी, अंघोळ, धुणं, सगळं अंगणात, आणि अंगणात जायची वाट एकच, बोळातून.

चाचींच्या घरात पडदा होता. कडक म्हणावा असा नाही, पण होता. बाहेरचा पुरुष अंगणात यायचा असेल तर बायकांनी आत व्हायचं. ह्यासाठी त्या घरात पिढ्यान् पिढ्या एकच रीत होती: पुरुषानं बोळात उभं राहून मोठ्यानं खाकरायचं. ते ऐकून बायका आत जात. रीत चांगलीच, पण दोन अडचणी होत्या. एक म्हणजे चाचांना बिडीमुळे बारा महिने खोकला असायचा. ते ओट्यावर बसून, जेवताना, झोपेत, कुठंही खोकत, त्यामुळे खाकरणं कोणतं आणि खोकणं कोणतं ते ओळखता यायचं नाही. आणि दुसरी अडचण आमचे हे. हे बोळाच्या टोकाशी टॉवेल खांद्यावर टाकून उभे राहायचे आणि घशातून असा काही आवाज काढायचे, की माझ्याही कानापर्यंत यायचा नाही. मी खोलीतून म्हणायची, "अहो, जरा जोर लावा की!" तर म्हणायचे, "बरं दिसत नाही." सकाळच्या सकाळी अर्धा-अर्धा तास ते असे ताटकळायचे आणि शाळेला उशीर व्हायचा. शेवटी मीच पुढं होऊन ओरडायची, "चाची, मास्तर येतायत!" नवऱ्याच्या अंघोळीची दवंडी पिटायची, ह्यापेक्षा नव्या नवरीला दुसरं काय हवं!

म्हणून चाचांनी पाटी आणली. एक लाकडी पाटी, एका बाजूला चुना फासलेला, दुसऱ्या बाजूला डांबर. ती बोळाच्या टोकाला, अंगणाच्या दारात, दोन्हीकडून दिसेल अशी सुतळीनं टांगली. पांढरी बाजू रस्त्याकडं असली की पुरुषांनी खुशाल आत जावं. काळी असली की अंगणात बायका आहेत, थांबावं. आणि नियम एकच, तोही चाचांनी कोर्टातल्यासारखा खणखणीत सांगितला: "ज्याचं काम झालं त्यानं निघताना पाटी उलटवायची. बस्स."

आम्हाला सगळ्यांना ती पाटी फार आवडली. चाची तर म्हणाल्या, "हौ, ये अच्छा हुआ. खोकनेसे पीछा छूटा." हे तर इतके खूश झाले की पाटी उलटवताना सुतळीचा पीळही सोडवून ठेवायचे.

आता छोटीचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यासाठी होतं. ती उर्दू शाळेत चौथीपर्यंत गेली होती आणि मग घरी बसली होती. पण बसली म्हणजे शरीरानं. डोकं तिचं कधी बसलं नाही. चाचांच्या कचेरीतल्या मराठी कागदांचा अर्थ लावून लावून ती माझ्यापेक्षा बरं मराठी बोलायची. तिला सातवीची परीक्षा बाहेरून द्यायची होती. सातवी झाली की मुलींच्या उर्दू शाळेत मास्तरीण होता येतं, हे तिनं कुणाकडून तरी ऐकलं होतं आणि मनात धरून ठेवलं होतं. बाकी विषय ती घरी करत होती, पण गणित अडत होतं. ह्यांनी शिकवायचं कबूल केलं. रोज दुपारी हे शाळेतून आले की ती डोक्यावर ओढणी घेऊन बोळ ओलांडून आमच्या खोलीत यायची, दार उघडं, मी चुलीपाशी, आणि हे फळ्यावर. चाचांची ना नव्हती. पण ते घर चालत होतं ते चाचांच्या थोरल्या भावाच्या शब्दावर.

त्यांना सगळे मोठे अब्बा म्हणत. ते तेर गावी राहायचे, तेरणेकाठी घरची जमीन करायचे आणि बाजाराच्या दिवशी बैलगाडीतून धाराशिवला यायचे. येताना भावाच्या घरासाठी ज्वारी, डाळ, कधी शेंगा. उंच, काळेसावळे, डोक्याला कायम पटका. बोलणं थोडं. शिकवणीचं त्यांच्या कानावर घातलं तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "शिकू द्या. पण घराची रीत मोडायला न्हाय पायजे." चाची मला म्हणाल्या होत्या, "एवढं बोलले म्हणजे लई झालं."

एका बाजाराच्या दिवशी ती रीत मोडली.

सकाळची वेळ होती. ह्यांची अंघोळ झाली. चाचाही आडाजवळ दाढी करत बसले होते. हे आधी निघाले आणि नियमाप्रमाणे पाटी उलटवून काळी केली. थोड्या वेळानं चाचांची दाढी झाली. तेही निघाले आणि तेही नियमाचे पक्के, त्यांनीही पाटी उलटवली. ती पांढरी झाली. अंगण मोकळं झालं हे आतून बघून चाची आणि छोटी बाहेर आल्या. छोटीनं केस धुतले होते. ती ओले केस पाठीवर सोडून उन्हात आडाच्या कठड्यावर बसली होती. तेवढ्यात मोठे अब्बा आले. बरोबर ज्वारीचं पोतं उचलायला तेरचाच एक गडी. त्यांनी पाटी बघितली, पांढरी. गड्याला म्हणाले, "चल आत." आणि दोघं सरळ अंगणात.

चाची किंचाळल्या. छोटी उठून पळाली. गडी इतका घाबरला की त्यानं पोतं जागेवरच सोडलं, ते उसवलं, आणि अंगणभर ज्वारी. चाचींच्या कोंबड्या मात्र त्या दिवशी पोटभर जेवल्या. मी आवाज ऐकून धावत गेले तेव्हा मोठे अब्बा अंगणाच्या मधोमध भिंतीकडं तोंड करून उभे होते आणि गडी बोळातून रस्त्यावर पसार झाला होता.

मोठे अब्बा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चाचांना आणि ह्यांना बोळात बोलावलं.

"पाटी कुणी उलटवली?"

हे म्हणाले, "मी उलटवली. माझं काम झालं होतं."

चाचा म्हणाले, "मैं भी. मेरा काम हो गया था."

मोठ्या अब्बांनी एकदा ह्यांच्याकडं बघितलं, एकदा चाचांकडं. "म्हंजी दोघं बी बरोबर आन पाटी तेवढी चुकली?"

खरंतर झालं होतं ते तसंच. दोघांनी सांगितलं ते केलं होतं. प्रत्येकाला वाटलं पाटी आपल्यालाच फिरवायचीय. आधी कुणी फिरवली का, हे बघायला नियमात सांगितलंच नव्हतं. 'उलटव' म्हटलं की माणूस उलटवतो. कुठून कुठं, ह्याचा विचार करत नाही. माझ्या डोक्यात हे सगळं त्याच क्षणी आलं असं नाही, मला तर त्या वेळी ह्या दोघांच्या शिस्तीचा भयंकर राग आला होता. शिस्तीचे पुतळे! एकानं तरी विसरायचं होतं!

मोठे अब्बा शेवटी म्हणाले, "ह्या बोळात नीट कळत न्हाय कोण आत हाय, कोण न्हाय. जवर कळत न्हाय तवर पोरगी बोळ वलांडणार न्हाय. शिकवणी बंद."

दाराआडून चाचींचा आवाज आला, "भाईजान, पाटी पोरीनं न्हाय फिरवली." मोठ्या अब्बांनी जाताना पाटी काढली आणि आडाशेजारच्या सरपणात टाकली.

परीक्षा तोंडावर आली होती. अपूर्णांक नुकते सुरू झाले होते. पुढचे दोन दिवस मी अंगणात धुणं घेऊन गेले की छोटी ओट्याच्या पायरीवर पाय मुडपून बसलेली असायची. मी तिच्याजवळ जाऊन बसले तर म्हणाली, "भाभी, पुढच्या साली वय जास्ती होईल. मग माझं लग्न करतील." इतकं सरळ म्हणाली. मी धुण्यातला एक कपडा घेतला आणि पिळत बसले. फार वाईट वाटलं. माझं शिक्षण सहावीतच सुटलं होतं आणि ते सुटलं तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं, उलट सुटका झाली असं वाटलं होतं. हिचं मात्र एखाद्याच्या तोंडचा घास काढून घ्यावा तसं झालं होतं.

पण छोटी रडत बसणारी नव्हती. तिसऱ्या दिवशी तिनं बापाला सुताराकडून खुंट्या आणायला लावल्या. बोळाच्या टोकाला एक फळी ठोकली, तिच्यावर ओळीनं खुंट्या, आणि प्रत्येक खुंटीला रंगीत चिंधी. लाल चिंधी चाचांची, निळी ह्यांची, पिवळी पाहुण्याची, हिरवी बायकांची. चिंधी वर बांधली तर माणूस आत, खाली बांधली तर बाहेर. पण पिवळी वर आणि लाल खाली असेल तर पाहुणा एकटा आहे, म्हणजे बायकांनी आतही थांबायचं आणि खिडकीही लावायची. हिरवीला गाठ मारली तर बायका अंगणात, दोन गाठी मारल्या तर कुणाची तरी अंघोळ चालू. आणखीही काही होतं, ते मला आता आठवत नाही. खरं सांगायचं तर तेव्हाही ते मला ती सांगत असेपर्यंतच आठवत असे.

आमचे हे त्या चिंध्यांवर फिदा झाले. "काय डोकं आहे पोरीचं!" म्हणून कौतुक करत राहिले. त्यांना काय, त्यांचा प्राणच गणितात. दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा हातात तांब्या घेऊन त्या फळीसमोर उभे. ओठ हलतायत. लाल वर... नाही, लाल खाली... मागं हे टॉवेल घेऊन उभे आणि चाचांना समजावतायत. त्यांच्यामागं मी बादली घेऊन. तांब्या घेऊन उभ्या असलेल्या माणसाला घाई असते, एवढी गोष्ट कुणाच्या लक्षात येईना. शेवटी चाचांनी "या अल्लाह" म्हटलं आणि जोरात खाकरून आत घुसले.

माझं डोकं फिरलं. मी बादली खाली आपटली आणि दाराआड उभ्या असलेल्या छोटीला म्हटलं, "छोटी, हे तुला कळतं. तुझ्याशिवाय कुणाला कळत नाही. तू घरात नसलीस, तर कोण वाचणार हे? मला अंघोळीला जायचंय गं, परीक्षेला नाही!"

ती फटकन म्हणाली, "ह्यात चूक काढून दाखवा!"

"चूक नाहीच त्यात! चूक नसून काय उपयोग? तुझे मोठे अब्बा इथं येऊन उभे राहिले तर त्यांना काय दिसणार? चिंध्या!"

ती आत निघून गेली. चाचींनी माझ्याकडं रागानं बघितलं, आणि मग हळूच मान डोलावली. संध्याकाळी मी बघते तर छोटी एकेक चिंधी सोडत होती. चिडून नाही, अगदी शांतपणे. मी आडावर पाणी ओढायला लागले.

ती म्हणाली, "भाभी, मास्तरांची टोपी कुठं असते, अंघोळीच्या वक्ताला?"

"कुठं असणार? दाराच्या खिळ्याला. डोक्यावर घेऊन थोडेच न्हातात!"

"आन अब्बांची आडाच्या कठड्यावर असते." ती रिकाम्या खुंटीकडं बघत राहिली. "म्हंजी टोपी डोक्यावर न्हाय तर माणूस आत हाय. आन टोपी घातल्याबगर कुणी रस्त्यावर जात न्हाय."

मी पोहरा तसाच हातात धरून उभी राहिले. आमच्या वेळेला खरंच तसं होतं. शहाणासुरता पुरुष बोडक्यानं घराबाहेर पडला, तर लोक विचारत, घरी कुणी गेलं की काय. आमचे हे एक वेळ खडू विसरतील, टोपी विसरणार नाहीत. आणि चाचांची काळी टोपी तर कोर्टात जाताना आरशासमोर दोनदा सारखी केली जायची.

"मग टोपी इथंच टांगायची," छोटी म्हणाली. "आत जाताना टांगायची, निघताना घालायची. कुणाचं कुणी फिरवायचं न्हाय. ज्याची त्यानं."

"आणि तुमचं?"

तिनं डोक्यावरची ओढणी काढली आणि खुंटीला अडकवली. अंगणात आपलीच माणसं असली की त्या दोघी ओढणी बाजूलाच ठेवत. कामात ती मधे मधे यायची. "ही इथं असली म्हंजी मी उघड्या डोक्यानं आत हाय," ती म्हणाली. एवढंच. ह्यात समजावून सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

मी लुगडं नेसणारी, माझ्याकडं कुठली ओढणी! पण मी न्हाणीत असताना चाचा आत येऊन कसं चालेल? तेव्हा चाचींनी त्यांची एक जुनी जांभळी ओढणी मला दिली, काठाला नवी लेस लावून. ती पुढं कितीतरी वर्षं माझ्याकडं होती. बदली होऊन आम्ही दुसरीकडं गेलो, तिथं कुणाला तिचं काम नव्हतं, तरी मी ती धुऊन घडी घालून ठेवायची.

दुसऱ्या दिवसापासून फळीवर दोनच गोष्टी दिसू लागल्या, टोप्या नाहीतर ओढण्या. ह्यांची पांढरी आणि चाचांची काळी टोपी शेजारी शेजारी असायची. चाचा निघाले की काळी जायची, पांढरी राहायची. चाची दाराच्या फटीतून बघून म्हणायच्या, "अभी एक बाकी है," आणि खुशाल परत चुलीकडं वळायच्या. कुणी कुणाला विचारायचं नाही, कुणी खाकरायचं नाही. विसरायचीही सोय होती. एका दुपारी चाची हिरवी ओढणी खुंटीवर विसरून आत जाऊन झोपल्या. चाचा कोर्टातून जेवायला आले आणि ओढणी बघून, कुणी न्हात असेल म्हणून, बोळात उभेच राहिले. मग उकिडवे बसले. मग आमच्या दारात आले आणि म्हणाले, "बेटी, काही खायला हाय का?" मी त्यांना पिठलं-भाकरी वाढली. चाचींना नंतर कळलं तेव्हा त्या हसून हसून बेजार झाल्या. पूर्वी कुणी विसरलं की घराची अब्रू पणाला लागायची. आता फार तर चाचा उपाशी राहत होते. मला हा फरक फार आवडला.

पण शिकवणी अजून बंदच होती. मोठ्या अब्बांनी पाहिल्याशिवाय ती सुरू होणार नव्हती. बाजाराचा दिवस जवळ आला तसं चाचा म्हणाले, मी गाडीपाशीच त्यांना गाठतो आणि सगळं समजावून सांगतो. छोटी म्हणाली, "नक्को."

"नक्को म्हंजी? ते पुन्हा तसेच आत घुसले तर?"

"न्हाय सांगायचं. सांगावं लागलं तर माझ्या चिंध्यांमधी आन ह्यात काय फरक राह्यला?"

आम्ही सगळ्यांनी तिला समजावलं. हे म्हणाले, "अगं, थोडी सूचना द्यायला काय हरकत आहे?" ती ऐकेना. हट्टीपणात ती आपल्या मोठ्या अब्बांवरच गेली होती. मला मनातून धास्ती वाटत होती. एवढ्याशा मुलीनं आपलं सगळं पुढचं आयुष्य एका फळीवर लावलं होतं आणि वर कुणाला तोंड उघडायची परवानगी नव्हती.

बाजाराच्या दिवशी त्या दोघी मुद्दाम नाही, नेहमीसारख्याच सकाळी धुण्याला बसल्या. खुंटीवर हिरवी आणि तिच्याशेजारी छोटीची पिवळी. चाचा लवकरच कोर्टात गेले होते, हे आणि मी खोलीत. दार उघडं होतं, आणि ह्यांनी हातात पुस्तक धरलं होतं, ते उलटं होतं हे मी त्यांना सांगितलं नाही.

रस्त्यावर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. मोठे अब्बा बोळात आले. ह्या वेळी गडी नव्हता, पोतं त्यांच्याच खांद्यावर होतं. ते सरळ चालत बोळाच्या टोकाला गेले. पाटीची जागा बघितली. तिथं काहीच नव्हतं. एक पाऊल आणखी पुढं पडलं. मी ओठावर हात दाबून धरला, नाहीतर माझ्या तोंडून "अहो थांबा" निघालंच असतं.

त्यांची नजर फळीवर गेली. दोन ओढण्या. अंगणातून कपडे आपटल्याचा आवाज येत होता.

ते थांबले. मग त्यांनी पोतं भिंतीला टेकवून खाली ठेवलं, आमच्या उंबऱ्याशी आले आणि पहिल्यांदाच तिथं बसले. मी पाणी नेऊन दिलं. त्यांनी प्यायलं, तांब्या खाली ठेवला, काही बोलले नाहीत. मीही काही बोलले नाही, आणि मला ओळखणारे सांगतील की हे किती कठीण काम होतं.

थोड्या वेळानं अंगणातून एक हात आला आणि हिरवी ओढणी काढून घेऊन गेला. मोठे अब्बा उठायला म्हणून गुडघ्यावर हात टेकून अर्धवट उभे राहिले. पुन्हा फळीकडं बघितलं. पिवळी अजून तिथंच होती. ते परत बसले.

ते परत बसले तेव्हा मला रडू आलं. माझ्या रडण्याला तसं फार लागत नाही, पण ते रडू वेगळं होतं. हे पुस्तकात तोंड खुपसून बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

मग पिवळीही गेली. मोठे अब्बा उठले. फळीपाशी गेले. एकही टोपी नाही, एकही ओढणी नाही. त्यांनी एक क्षण विचार केला आणि डोक्यावरचा पटका उतरवला. मी तोवर त्यांना कधी बोडक्या डोक्यानं पाहिलं नव्हतं. चाची सांगायच्या, त्यांनीही नाही. डोकं पुढून टक्कल पडलेलं, आणि चेहऱ्यापेक्षा कितीतरी गोरं. त्यांनी पटका जपून खुंटीवर ठेवला, पोतं उचललं आणि आत गेले.

अंगणातून त्यांचा आवाज आला. "छोटी, तुजी पुस्तकं कुठायत? मास्तर कवाचे वाट बघत बसलेत."

छोटी बोळातून धावत आली. बोळात कुणी धावायचं नाही अशी त्या घरची रीत होती, तीही त्या दिवशी मोडली, आणि कुणी काही म्हणालं नाही.

परीक्षेच्या दिवशी मोठे अब्बा रात्रीच निघून पहाटे तेरहून गाडी घेऊन आले. गाडीला चहूबाजूंनी चादरी बांधल्या होत्या. आत छोटी बुरख्यात, तिच्याशेजारी मी, पुढं मोठे अब्बा आणि हे. पेपर चालू होता तोवर ते शाळेच्या कुंपणाबाहेर बैलांना वैरण टाकून लिंबाखाली बसून राहिले. बाजार नव्हता, शेतात काम होतं, पण हलले नाहीत. ह्यांनी त्यांना दोनदा सांगितलं, मी आहे इथं, तुम्ही घरी जाऊन टेका. ते म्हणाले, "बसतो की." शेवटचा पेपर झाला, छोटी बाहेर आली. बोटांना शाई. तिला पेपर कसा गेला ते त्यांनी विचारलं नाही. गाडीत चढायला हात दिला, बैल जुंपले, आणि मग कासरा हातात घेऊन ह्यांच्याकडं वळले.

"मास्तर," ते म्हणाले, "आता ह्याच्या म्होरं काय शिकायचं असतंय?"